खडूचा तुकडा, बोरूचा कत आणि शाईपेनाची अरुंद निब



आजचा लेख एका अगदी लहान वस्तूबद्दल आहे. रुंदी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. शाईच्या पेनाची चपट्या टोकाची निब. दुकानात तिला 'स्टब निब' म्हणतात. स्टब म्हणजे थोटका. साध्या निबचं टोक निमुळतं होत जातं, हिचं टोक मध्येच छाटल्यासारखं थोटकं असतं, म्हणून हे नाव. या निबांमधली जी अरुंद जात आहे, तिच्याशी गेली दोन-तीन वर्षं माझी चांगली गट्टी जमली आहे. ती का जमली, ही निब नेमकं काय करते, आपल्या देवनागरीशी तिचं कसं जुळतं आणि कुठे बिनसतं, आणि मुलांना यातून काय देता येतं, हे आज सांगते.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही बॉलपेनने लिहिणारी माणसं, आमचा काय संबंध? संबंध आहे. चला, आधी फळ्याजवळ जाऊ.

हे तुम्ही रोज करता

फळ्यावर वार, दिनांक, सुविचार लिहिताना आपण सगळेच एक युक्ती वापरतो. खडूचा अर्धा-पाऊण इंचाचा तुकडा मोडायचा आणि तो टोकावर उभा न धरता फळ्यावर आडवा टेकवायचा. आता हात खाली ओढला की अर्धा इंच रुंद पट्टा उमटतो. तोच तुकडा तसाच धरून हात उजवीकडे नेला की बारीक रेघ येते. खडू तोच, हात तोच, धरण्याची पद्धतही तीच. फक्त दिशा बदलली आणि रेषेची जाडी बदलली. डी.एड.ला असताना फलकलेखनाच्या तासाला आम्हाला हे शिकवलं होतं. "दांडी जाड, शिरोरेषा बारीक, आणि खडू बोटांत फिरवायचा नाही," एवढी एकच सूचना. त्या एका सूचनेवर वर्गातल्या निम्म्या मुलींचे फळे देखणे झाले होते.

स्टब निब म्हणजे हाच आडवा धरलेला खडू. फक्त अर्ध्या इंचाऐवजी पाऊण मिलिमीटरचा, आणि खडूऐवजी शाईचा.

साध्या निबच्या टोकाला कठीण धातूचा एक बारीक गोल मणी जोडलेला असतो. मणी गोल असल्यामुळे पेन कुठल्याही दिशेला ओढा, रेघ जवळपास सारख्याच जाडीची येते. बॉलपेनचंही तसंच. स्टब निबचं टोक मात्र आडवं रुंद आणि उभं पातळ असतं. रुंद बाजू ओढली जाते तेव्हा रेघ जाड, पातळ बाजू ओढली जाते तेव्हा बारीक. तिरकी रेघ मधल्या जाडीची. ०.८ मिलिमीटरची निब तिच्या कडेशी ४५ अंशांचा कोन करून ओढली, तर रेघ त्या रुंदीच्या साधारण सात दशांश उमटते.

इथे एक गैरसमज दूर करू. ही जाड-बारीक रेघ दाब देऊन येत नाही. दाबाने निबचे दोन दात फाकतात आणि रेघ जाड होते, तो प्रकार वेगळा. त्यासाठी लवचीक निब लागते. स्टबला दाब नकोच असतो. दाबलं तर उलट ती बिघडते. तिला लागते ती फक्त दिशा.

अशीच चपटी, पण कोपरे धारदार ठेवलेली निब असते, तिला इटॅलिक म्हणतात. तिने जाड-बारीक फरक अगदी स्वच्छ दिसतो, पण हात जरा वाकडा झाला की कोपरा कागदात रुततो. स्टबचे कोपरे गोलसर केलेले असतात. फरक थोडा मऊ होतो, पण रोजच्या लिखाणाच्या वेगात ती साथ देते. नव्याने सुरुवात करणाऱ्याने स्टबच घ्यावी.

रुंद नको, अरुंदच का?

बाजारात सगळ्यात सहज मिळते ती १.१ मिलिमीटरची निब. जर्मनीच्या लॅमी कंपनीच्या चपट्या निबा १.१, १.५ आणि १.९ मिलिमीटरच्या असतात. जपानच्या पायलट कंपनीचे सुलेखनासाठीचे पॅरलल पेन तर १.५ पासून पार ६ मिलिमीटरपर्यंत मिळतात. पोस्टर, प्रमाणपत्र, शाळेतला सूचनाफलक यांसाठी ते मस्त. मीही पहिल्यांदा हौसेने १.५ ची निब घेतली होती. दोन दिवस मोठमोठी अक्षरं काढून झाली आणि तिसऱ्या दिवशी टाचणवही लिहायला बसले, तर दोन ओळींतच गोंधळ. 'क'चं पोट भरून काळं झालं, 'ष'मधली तिरपी रेघ गायब, आणि खालच्या ओळीतली वेलांटी वरच्या ओळीतल्या उकारावर जाऊन बसली.

असं का झालं, ते पट्टी घेऊन मोजल्यावर कळलं. हे गणित मला फार आवडतं, कारण चौथीच्या मुलालाही ते करता येतं.

आपल्या एकेरी वहीत दोन ओळींमधलं अंतर साधारण ८ मिलिमीटर असतं. रोमन लिपीत ए, सी, ओ अशी बसकी अक्षरं त्या ८ पैकी बराच भाग आरामात वापरू शकतात. आपल्याला मात्र वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा सोडावी लागते. वर २, खाली २ सोडले की अक्षराच्या अंगाला उरतात ४ मिलिमीटर. आता सुलेखनात रोमन इटॅलिक वळणासाठी एक जुना अंदाज सांगतात : लहान अक्षराची उंची निबच्या रुंदीच्या पाचपट ठेवा. आपल्या 'ण', 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट' यांच्या पोटात तर त्याहून जास्त गर्दी, तेव्हा पाचपटीपेक्षा कमी आपल्याला परवडत नाही. मग ४ भागिले ५ किती? ०.८.

म्हणजे वहीतल्या देवनागरीसाठी निब हवी ती ०.८ मिलिमीटरच्या आसपासची. १.१ ची निब घेतली तर अक्षराला साडेपाच मिलिमीटर लागतील, वर-खाली मिळून अडीचच उरतील. १.५ ला साडेसात लागतील, मग तर उकाराला घरच नाही. माझी हौसेची निब का फसली, ते या एका भागाकारात आलं.

म्हणून ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या निबांना मी 'वहीतल्या निबा' म्हणते. या रुंदीत जाड-बारीक फरक फार ठळक दिसत नाही. बारीक रेघ जाड रेघेच्या साधारण निम्मी असते. पण खरी मजा त्यातच आहे. वाचणाऱ्याला पान नीटस वाटतं, पण ते कशामुळे हे चटकन लक्षात येत नाही. भाजीत हिंग पडल्यासारखं.

अरुंद निबचा आणखी एक फायदा. चपट्या निबचे दोन्ही कोपरे एकाच वेळी कागदाला टेकावे लागतात. एक कोपरा उचलला गेला की रेघेची एक कड फाटल्यासारखी येते. निब जितकी रुंद, तितकी ही शिस्त कडक. अरुंद निब मात्र थोडी चूक पोटात घालते. दिवसभराच्या लिखाणाला असाच स्वभाव बरा.

बोरूचा कत आणि आपली लिपी

चपट्या टोकाने लिहिणं आपल्याला नवं नाहीच. शाईचं पेन आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी आपली अक्षरं बोरूने लिहिली जात. बोरूची काडी तासायची, टोकाला चीर द्यायची आणि शेवटी चाकूने टोक छाटायचं. त्या छाटणीला कत म्हणतात. दौतीत बुडवायचं, चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचं. पोथ्या याच साधनाने लिहिल्या गेल्या आणि मोडीतली दप्तरंही. मोडी लिहिणारे तर आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत जात. पुढे टाक आला. मग १८८४ साली अमेरिकेत लुईस वॉटरमन यांनी पेटंट घेतलेल्या शाईपेनात खाली शाई आणि वर हवा नेणाऱ्या बारीक खाचांची सोय आली. आजही निबच्या खाली जी काळी जीभ दिसते, तिचं काम हेच. आपल्याकडे १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत 'हॉर्स ब्रँड' शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. तीच पुढे कॅम्लिन झाली, आणि आपल्यापैकी अनेकांच्या बोटांना लागलेली पहिली शाई तिथलीच.

आता एक गंमत बघा. घरात जुन्या छपाईचं एखादं मराठी पुस्तक असेल तर काढा. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातलं मिळालं तर फारच उत्तम. त्यात 'ठ' शोधा. 'ठ'चा गोल सगळीकडे सारखा जाड नसतो. डावीकडे वर आणि उजवीकडे खाली तो जाड असतो. डावीकडे खाली आणि उजवीकडे वर बारीक. मग एखाद्या इंग्रजी पुस्तकातला जुन्या वळणाचा 'ओ' बघा. तिथे बरोबर उलटं! डावीकडे खाली जाड, उजवीकडे वर जाड.

याचं कारण कतात आहे. उजव्या हाताने पेन सहज धरलं तर सरळ छाटलेल्या निबची कड कागदावर डावीकडून उजवीकडे चढत जाते, चढणीच्या रस्त्यासारखी. रोमन अक्षरांचं वळण या कडेतून घडलं. आपल्या बोरूचा कत मात्र तिरका देत, असा की कड डावीकडून उजवीकडे उतरत जावी. आपल्या अक्षरांचं जाड-बारीक त्या उतरत्या कडेतून आलं आणि तेच छापखान्याच्या खिळ्यांमध्ये उतरलं.

म्हणजे आज आपण विकत घेतो ती सरळ स्टब निब रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली आहे. तिने देवनागरी लिहिली की कधीकधी अक्षर छान असूनही 'काहीतरी वेगळंच' वाटतं, ते यामुळे. मला हे कळेपर्यंत सहा महिने मी माझ्याच हाताला दोष देत होते.

मग उपाय काय? पेन बोटांत पिळत बसू नका, मनगट दुखेल. वही वळवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने वही डावीकडे कलती ठेवावी, म्हणजे वहीची ओळ उजवीकडे वर चढत जाईल. आता हात तसाच राहिला तरी निबची कड ओळीला जवळजवळ समांतर येते. दांडी पूर्ण जाड, शिरोरेषा बारीक, आणि गोल दोन्ही बाजूंनी सारखा. म्हणजे आपलं फळ्यावरचं खडूचं वळणच वहीत उतरलं. वही आणखी थोडी कलवली तर बोरूच्या वळणाची झाकही येते. एकाच पानावर वही सरळ, थोडी कलती आणि जास्त कलती ठेवून 'ठ' लिहून बघा. तीन 'ठ' तीन वेगळ्या घरांतले वाटतील.

"माझं पेन कुणाला देऊ नका"

माझ्या आजोबांचं एक शाईपेन होतं. ते कुणालाही हात लावू देत नसत. "दुसऱ्याच्या हाताने निब बिघडते," असं म्हणत. आम्हाला ते नुसतं खाष्टपण वाटायचं. मी पाचवीत असताना एकदा गुपचूप त्या पेनाने लिहून पाहिलं, तर ते खरखरलं, मध्येच शाई तुटली. आजोबांच्या हातात मात्र तेच पेन लोण्यासारखं चालायचं.

आज त्याचा उलगडा होतो. निब कागदावर वर्षानुवर्षं घासली जाते. लिहिणारा माणूस पेन नेहमी एकाच कोनात धरतो, म्हणून टोक एकाच बाजूने झिजतं आणि तिथे एक सपाट जागा तयार होते. म्हणजे आजोबांनी लिहून लिहून, नकळत, स्वतःची अरुंद स्टब निब घडवली होती! त्यांचा कोन माझा नव्हता, म्हणून मला ती खरखरली. त्यांच्या पत्रांतल्या दांड्या जाड आणि वेलांट्या बारीक का दिसतात, हेही मग कळलं. चांगला कठीण मणी असलेली निब झिजायला फार काळ लागतो. साध्या पोलादी निबा लवकर झिजत. आणि आम्ही मुलं तर ती वाट बघायचोच नाही. निब शहाबादी फरशीवर घासायची आणि ब्लेडने चीर मोकळी करायची, हे आमचे शाळेतले उद्योग. त्यात दहातल्या नऊ निबा कामातून जायच्या. तेव्हा घरच्या घरी निब घासून स्टब करण्याचा सल्ला मी देणार नाही. तयार निब घ्या.

वर्गात करून बघायचा प्रयोग

हे सगळं मुलांना दाखवायला शाईचं पेन लागतच नाही. दोन पेन्सिली लागतात.

दोन सारख्या लांबीच्या, टोक केलेल्या पेन्सिली शेजारी शेजारी धरा आणि वर एक, खाली एक असे दोन रबर बँड लावून घट्ट बांधा. दोन्ही टोकं एका पातळीत हवीत. झालं तुमचं चपट्या टोकाचं पेन. दोन टोकांत अंतर पडतं साधारण ७ मिलिमीटर. आता मुलांना विचारा, पाचपटीचा नियम लावला तर अक्षर किती उंच काढायचं? पस्तीस मिलिमीटर, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. आखून घ्या आणि लिहू द्या.

पेन्सिली न फिरवता उभी रेघ काढली की दोन समांतर रेघा दिसतात. मधली जागा म्हणजे निबची जाडी. आडवी रेघ काढली की दोन्ही रेघा एकमेकींवर येतात, एकच बारीक रेघ दिसते. गोल काढला की जाडी कशी वाढत जाते आणि कशी कमी होते, ते मुलांना डोळ्यांनी दिसतं. एक टोक उचललं गेलं तर एक रेघ नाहीशी होते, म्हणजे चूकही आपोआप दिसते. मधली जागा रंगवायला दिली तर चित्रकलेचा तास वेगळा घ्यायलाच नको. परिपाठानंतरची पंधरा मिनिटं पुरतात.

एका वहीची गोष्ट

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, ते सांगते.

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तोंडी उत्तरं चटाचट द्यायची. वही मात्र दाखवायची नाही. मागितली की दप्तरात खाली दाबायची. अक्षर वाईट, रेघा थरथरलेल्या, कधी कागद फाटेपर्यंत खोडलेलं. एका संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घरी आणला होता. लाल बॉलपेन संपलं होतं, म्हणून अरुंद निबच्या पेनात लाल शाई भरून तपासायला बसले. या निबने भरभर गिरवता येत नाही, हात आपोआप सावकाश चालतो. तिची वही उघडली, शेवटी शेरा लिहायला निब टेकवली, 'अक्षर सु...' एवढं झालं आणि थांबले. सहज मागची पानं चाळली. 'अक्षर सुधारा.' त्याच्या मागे 'अक्षर सुधारा.' त्याच्याही मागे तेच. सगळीकडे माझीच लाल सही.

जूनपासून मी तिला तेच दोन शब्द सांगत होते, आणि काय सुधारायचं हे एकदाही सांगितलं नव्हतं. खरं तर मलाच ते माहीत नव्हतं. मी तिचं लिहिलेलं बघत होते, तिला लिहिताना कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला जोडपेन्सिली दिल्या आणि म्हटलं, "ये गं, मला एक 'क' काढून दाखव." तिने दांडी खालून वर ढकलली. जोडपेन्सिली अडखळल्या, एक टोक उचललं गेलं, रेघ फाटली. पुन्हा काढली, पुन्हा तसंच. मग मी 'ग' काढायला लावला, 'म' काढायला लावला. प्रत्येक दांडी खालून वर. प्रत्येक गोल उलट दिशेने. साध्या पेन्सिलीच्या रेघेत हे कधी कळलंच नसतं, कारण रेघ वरून खाली आली काय आणि खालून वर गेली काय, दिसते सारखीच. चपटं टोक मात्र ओढलेलं सहन करतं, ढकललेलं नाही.

"वरून खाली ओढ," मी म्हटलं. तिने ओढली. दोन सरळ समांतर रेघा आल्या. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तिचं अक्षर महिन्याभरात मोत्यासारखं झालं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. घाईत असली की अजूनही काही दांड्या खालून वर जात. पण दिवाळीनंतर ती वही लपवेनाशी झाली. आणि मी 'अक्षर सुधारा' हा शेरा लिहिणं बंद केलं. आता लिहिते, "'क'चं पोट आज छान गोल आलं. 'त'ची दांडी वरून खाली ओढून बघ." जास्त वेळ लागतो. पस्तीस वह्या एका बैठकीत होत नाहीत, दोन दिवसांत होतात. पण त्यातला प्रत्येक शेरा कुणीतरी वाचतं.

घ्यायची असेल तर

काही प्रश्न नेहमी विचारले जातात, त्यांची थोडक्यात उत्तरं.

*अक्षर सुधारतं का?* निबमुळे आपोआप नाही. वळण, क्रम आणि अंतर चुकत असेल तर ही निब ते झाकत नाही, जास्तच दाखवते. पण चूक कुठे आहे हे दिसणं ही सुधारण्याची पहिली पायरी आहे. आणि हात सावकाश होतो, हा फायदा नक्की.

*मुलांना कोणत्या वयात द्यावी?* पहिली-दुसरीत अजिबात नको. तेव्हा पाटी, खडू, पेन्सिल हेच योग्य. पाचवीच्या पुढे, आधी साध्या गोल निबच्या शाईपेनाची सवय झाल्यावर, आणि मुलाला हौस असेल तरच. ही गृहपाठासारखी लादायची वस्तू नाही. आणि वर्गात कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही असं होऊ देऊ नका. वर्गासाठी जोडपेन्सिली पुरेशा आहेत.

*डावखुऱ्या मुलांचं काय?* डाव्या हाताने लिहिताना पेन बऱ्याचदा ओढलं न जाता ढकललं जातं आणि हात ओल्या शाईवरून जातो. त्यांनी वही उजवीकडे कलती ठेवावी आणि हात ओळीच्या खाली राहील असं बघावं. गोलसर कोपऱ्यांची अरुंद स्टब काही जणांना जमते. नाही जमली तर गोल निब उत्तम. हात बदलायला मात्र कधीही सांगू नका.

*शाई कोणती?* शाईपेनासाठीची साधी, पाण्यात विरघळणारी शाई. चित्रकलेची काळी ड्रॉइंग शाई शाईपेनात कधीच भरू नका. ती वाळली की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. महिन्यातून एकदा, आणि शाईचा रंग बदलताना, पेन साध्या पाण्याने धुवा. गरम पाणी नको.

*कागद?* चपटी निब साध्या बारीक निबपेक्षा जास्त शाई सोडते. पातळ कागदावर शाई फुटते आणि मागच्या बाजूला उमटते. वही घेताना ७० जीएसएम किंवा त्याहून जाड कागद बघा. जवळ टीपकागदाचा तुकडा ठेवा. अरुंद निबची शाई रुंद निबपेक्षा लवकर वाळते, हाही तिचा एक गुण.

*निब कशी निवडावी?* शक्य असेल तर दुकानात लिहून बघा. सही करून बघू नका, सही कुठल्याही पेनाने बरी दिसते. 'कृष्णाष्टमी' किंवा 'विद्यार्थ्यांनी' असा भरगच्च शब्द आपल्या नेहमीच्या आकारात लिहा. अक्षरांची पोटं उघडी राहिली आणि रफार-उकार नीट बसले, तर निब तुमच्या वहीची. ०.८ च्या आसपासची मिळाली नाही, तर १.१ घेऊन दुप्पट अंतराच्या ओळी आखा आणि पत्रं, शुभेच्छापत्रं लिहा. पायलटच्या काही शाईपेनांना 'सीएम' खुणेची निब येते, तीही या अरुंद गटात मोडते.

दिवसभरात आपण शिक्षक किती लिहितो याचा हिशेब केला, तर बरंचसं लिखाण कुणीतरी मागितलं म्हणून केलेलं असतं. माहिती, तक्ते, नोंदी. त्यातली बरीचशी आता मोबाइलवरच भरतो. हाताने लिहायचं जे थोडं उरलं आहे, ते मुलांच्या वह्यांतलं आहे. ते तरी निवांत लिहावं, असं मला या पाऊण मिलिमीटरच्या निबने शिकवलं.

उद्या वर्गात गेल्यावर निदान एक करा. एका मुलाजवळ बसा, त्याच्या वहीकडे नको, त्याच्या हाताकडे बघा, आणि त्याला एक 'क' काढू द्या. दांडी कुठून सुरू होते ते पाहा.